बाबांचं दुकान बंद करू का?

मागच्या अंकात उतारवयातल्या विसरण्याबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली, आणि अर्ध्याहून जास्त पत्रांत फिरून फिरून एकच काळजी होती, की आमच्या घरातलं मोठं माणूस अजून काम करतंय, त्याला करू द्यावं की आता थांबवावं. काहींची उलट, की थांबलं आणि तेव्हापासून बिघडलं. त्यातली तीन पत्रं घेतली आहेत. नावगाव काढलंय, बाकी मजकूर जवळजवळ जसाच्या तसा.

प्रश्न : डॉक्टर, मी डोंबिवलीला असतो, आमचं गाव देवगड तालुक्यात. बाबा ७१ वर्षांचे, आई ६६. घराच्या पडवीतच बाबांचं किराणा दुकान आहे, ४० वर्षं होऊन गेली, शिवाय पन्नासेक हापूसची कलमं. गेल्या वर्षभरात बाबा विसरायला लागलेत. गिऱ्हाइकाचं नाव पटकन येत नाही, साखरेची ऑर्डर एकदा दोनदा दिली, गणपतीला गेलो तेव्हा उधारीच्या वहीत दोन ठिकाणी बेरीज चुकलेली दिसली. मोठा भाऊ म्हणतो आता पुरे, डोक्याला ताण नको, दुकान बंद करून दोघांना इकडे आणू. बाबांना विचारलं की म्हणतात 'माका काय्येक झाला नाय'. आई म्हणते दुकान गेलं तर ते जास्त खचतील. काम थांबवलं तर मेंदूला आराम मिळतो की उलट होतं?

उत्तर : तुमच्या आईचं म्हणणं मला जास्त पटतं. पण भावाला जे दिसलंय तेही खरं आहे, ते टाकून देऊ नका.

पाठ भरून आली की आडवं व्हावं, तसं मेंदूचं नसतं. त्याला रोज काहीतरी शोधायला लागलं पाहिजे, आणि खेड्यातल्या किराणा दुकानात ते किती लागतं याची आपल्याला कल्पना नसते. तुमच्या बाबांना मी बघितलेलं नाही पण असं दुकान बघितलंय. एक पोरगा येतो, म्हणतो आजीने पाव किलो गूळ सांगितलाय, वहीत लिवा. आता दुकानदाराला आधी पोरगा कोणाचा ते ओळखायचंय, मग कुठली आजी, मग त्या घरची मागची बाकी किती, मुंबईचा मुलगा मे महिन्यात आला होता तेव्हा त्यातले किती देऊन गेला, या घराला पिवळा गूळ चालतो की काळपट लागतो, आणि आजी आजारी आहे असं काल कोणीतरी म्हणालं होतं तर ते विचारायचं. गूळ तागडीत पडेपर्यंत हे सगळं डोक्यात होऊन गेलेलं असतं. दिवसातून साठ-सत्तर वेळा. घरात खुर्चीवर बसवलेल्या माणसाला यातलं काय करायला लागतं सांगा, रिमोट शोधायचा एवढंच.

यावर अभ्यास झालेत आणि त्यातला एक नेमका तुमच्या बाबांसारख्या माणसांवरचा आहे. फ्रान्समध्ये कॅरोल डुफुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवृत्त झालेल्या ४ लाख २९ हजारांहून जास्त लोकांची माहिती तपासली, २०१३ साली ती बोस्टनच्या परिषदेत मांडली. ही माणसं कोण, तर स्वतःचा धंदा केलेली, दुकानदार, बेकरीवाले, लाकूडकाम करणारे. त्यात दिसलं की निवृत्ती जितकी पुढे गेली तितकी डिमेन्शियाची, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू जात राहण्याच्या आजाराची, शक्यता कमी, दर जादा वर्षामागे साधारण ३ टक्क्यांनी. म्हणजे साठीला थांबलेल्यांपेक्षा पासष्टीला थांबलेल्यांचा धोका अंदाजे १५ टक्क्यांनी कमी.

आता तुम्ही म्हणाल की ज्याचं डोकं आधीच चालेनासं झालं तो लवकरच थांबणार, मग काम सुटलं म्हणून विसरला की विसरायला लागला म्हणून काम सुटलं? शंका बरोबर आहे आणि या सगळ्या विषयातली हीच मोठी अडचण आहे. त्या फ्रेंच लोकांनी निवृत्तीनंतर पहिल्या पाच वर्षांतच डिमेन्शिया निघालेली माणसं बाजूला काढून परत हिशोब केला, तरी तेच उत्तर आलं. रोहवेडर आणि विलिस या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये दुसरी वाट धरली. त्यांनी अमेरिका, इंग्लंड आणि युरोपातल्या ११ देशांतले ६० ते ६४ वयाचे लोक घेतले. त्यांना दहा शब्द वाचून दाखवलेले होते, किती आठवतात ते लगेच विचारलेलं आणि थोड्या वेळाने परत विचारलेलं, असे वीस पैकी मार्क. पेन्शन कितव्या वर्षी मिळते हे त्या त्या देशाचा कायदा ठरवतो, त्या एका माणसाची आठवण नाही, त्यामुळे कोंबडी आधी की अंडं हा घोळ बराच सुटतो. तर जिथे लोक लवकर घरी बसतात, ऑस्ट्रिया फ्रान्स वगैरे, तिथे साठीतली आठवण जास्त घसरलेली आणि अमेरिकेत जिथे जास्त लोक त्या वयात कामावर असतात तिथे कमी. एवढ्यावरून 'काम करा, डिमेन्शिया होणार नाही' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, पण 'आराम दिला की डोकं सुधारेल' याला तर काहीच आधार नाही.

म्हणून दुकान बंद करू नका, लहान करा. आणि त्याआधी बाबांना तपासून घ्या, हे दुकानापेक्षाही तातडीचं आहे.

नाव जिभेवर येऊन अडकतं आणि मग अंगणात गेल्यावर आठवतं, हे वयाचं आहे, त्याला घाबरू नका. पण ४० वर्षं बेरजा बरोबर करणाऱ्या माणसाच्या बेरजा एका वर्षात चुकायला लागल्या, एकच ऑर्डर दोनदा गेली, हे 'वय झालं' म्हणून सोडून द्यायचं नसतं. मी असा पेशंट आला की आधी कान बघते. खरंच सांगते, घरच्यांनी 'विसरतात' म्हणून आणलेल्यांपैकी कितीतरी जणांनी ते वाक्य मुळात ऐकलेलंच नसतं, आणि जे कानात शिरलं नाही ते आठवणार कुठून. मग डोळे, मोतीबिंदू असेल तर वहीतला ३ आणि ८ सारखाच दिसतो. मग रक्तात बी-१२, थायरॉईड, साखर, सोडियम. बीपी. झोप लागते का, घोरतात का, मन लागतं का. आणि घरात ज्या ज्या गोळ्या आहेत त्या सगळ्या पिशवीत भरून घेऊन या, कारण सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या उतारवयात डोक्यावर धुकं आणतात, आणि त्या कोणी कधी चालू केल्या हे घरात कोणालाच माहीत नसतं. यातलं काही निघालं तर ते सुधारण्यासारखं असतं. काहीच निघालं नाही आणि विसरणं वाढतंय असं वाटलं तर न्यूरोलॉजिस्टकडे जा, वेळ काढू नका.

आपल्या देशात ६० च्या पुढच्या साधारण ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, टक्क्यात ७.४. त्यातले कितीजण घरात नुसते 'म्हातारपण आलं' म्हणून कोपऱ्यात बसलेले असतील या विचाराने मला फार त्रास होतो.

दुकान लहान करायचं म्हणजे काय, तर उधारीची वही बाबांकडून काढून घेऊ नका. संध्याकाळी अर्धा तास आईने शेजारी बसायचं, दिवसाची पानं बाबांनी मोठ्याने वाचायची, बेरीज बाबांनीच आधी करायची, मग आईने मोबाईलवर ताळा बघायचा. चुकली तर 'अहो परत एकदा बघा' एवढंच, 'बघा, परत चुकलात' नाही. घाऊक ऑर्डर आठवड्यातून एकाच वारी, कागदावर लिहून, दिली की त्यावर तारीख टाकायची. माल थोडा कमी करा, वेळ सकाळी तीन आणि संध्याकाळी दोन तास पुष्कळ झाली. ऑस्ट्रेलियात चाळिशीपुढच्या लोकांवर २०१६ मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात आठवड्याला साधारण २५-३० तासांपर्यंत काम असलेल्यांचं डोकं चांगलं चाललेलं दिसलं आणि त्याच्या बरंच वर गेलं की उतरायला लागलेलं. तेव्हा भावाचा 'ताण नको' हा मुद्दा इथे लागू पडतो, त्याला सांगा की तुझं ऐकलंय.

आंब्याचंही तसंच. झाडावर चढणं बंद, फवारणी बंद, ती गड्याला द्या. पण आंबा हातात घेऊन हा चार डझनाच्या पेटीत की सहा डझनाच्या हे ठरवायचं काम त्यांचंच राहू दे, आढी कधी उघडायची तेही त्यांनाच विचारा, आणि विचारायचं म्हणून नव्हे, खरोखर त्यांच्या शब्दावर उघडा.

डोंबिवलीबद्दल एक सांगायचं राहिलं. ज्याची आठवण थोडी हललीय त्याला ओळखीची जागा खूप सांभाळून घेते, पडवीतून विहीर कुठे, विहिरीवरून देऊळ कुठे हे त्याला आठवावं लागत नाही, पाय घेऊन जातात. तीच व्यक्ती सातव्या मजल्यावर चार सारख्या दारांपुढे उभी केली की महिन्याभरात पाच वर्षांनी म्हातारी दिसायला लागते, मी हे माझ्या पेशंटांत पाहिलंय आणि घरच्यांना वाटतं आजार वाढला. कधीतरी न्यायची वेळ येईलही. आज आलेली नाही.

आणि हो, बाबा घरात मालवणी, मास्तरांशी मराठी आणि ट्रकवाल्याशी हिंदी बोलतात ना? हैदराबादच्या निम्स हॉस्पिटलमधल्या ६४८ डिमेन्शियाच्या रुग्णांवर सुवर्णा अल्लादी यांचा अभ्यास २०१३ मध्ये आला, त्यात एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा आलेला होता, अगदी शाळेत न गेलेल्यांमध्येसुद्धा. दुकानात बसलं की भाषा दिवसभर बदलत राहतात. फ्लॅटमध्ये बोलायला मुळात माणूसच नसतं.

प्रश्न : मी गुहागरकडची. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिकवलं, ५८ पूर्ण झाली आणि रिटायर झाले, त्याला तीन वर्षं झाली. मिस्टर नाहीत, मुलगा पुण्यात. नवीन वर्ग आला की पहिल्या आठवड्यात चाळीस मुलांची नावं पाठ असायची माझी, आता शेजारच्या सुनेचं नाव घ्यायला थांबावं लागतं. बोलता बोलता शब्दच सापडत नाही. डोकं गंजल्यासारखं वाटतं. मोबाईलवर सुडोकू सोडवते रोज. हे रिटायर झाल्यामुळे झालं का हो? आणि गेलेलं परत येतं का?

उत्तर : बाई, तुमचं पत्र वाचून मला माझ्या चौथीच्या बाई आठवल्या, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तुम्ही जे सांगताय त्याच्यासारखंच हुबेहूब लंडनमध्ये मोजलं गेलंय. ब्रिटनच्या सरकारी नोकरांवर व्हाइटहॉल नावाचा फार जुना अभ्यास चालू आहे, त्यातल्या ३,४३३ लोकांची निवृत्तीच्या आधीची १४ वर्षं आणि नंतरची १४ वर्षं अशी माहिती घेऊन २०१८ मध्ये एक पेपर आला. त्यांना वीस छोटे शब्द दोन-दोन सेकंदांनी ऐकवायचे आणि मग जेवढे आठवतील तेवढे दोन मिनिटांत लिहायला सांगायचं. वयाप्रमाणे हे सगळ्यांचंच हळूहळू कमी होत असतं, पण निवृत्तीनंतर घसरायचा वेग ३८ टक्क्यांनी वाढलेला निघाला. फक्त शब्दांच्या आठवणीचा हं. तर्क लावणं, भराभर शब्द सुचवणं, यांचा वेग निवृत्तीने बदलला नाही, ते आपल्या वयाच्या चालीने चाललं. आणखी एक गोष्ट त्यात होती जी मला फार लागली, वरच्या पदावरच्या लोकांची आठवण नोकरीत असेपर्यंत चांगली टिकलेली होती पण निवृत्त झाल्यावर तो फायदा संपला. म्हणजे पद डोकं सांभाळत नव्हतं, रोज त्या पदाला जे करायला लागत होतं ते सांभाळत होतं.

तेव्हा निवृत्तीमुळे झालं का, तर काही अंशी हो, असं असू शकतं. पण तुमच्या बाबतीत मी आणखी दोन गोष्टी विचारीन. मिस्टरांचं जाणं केव्हाचं आहे? रिटायरमेंटच्या आसपासचं असेल तर हे मन खाली बसल्याचंही असू शकतं, आणि उदास मन अगदी विसरभोळेपणाच्या वेषात येतं, माणसाला कळतसुद्धा नाही की आपण उदास आहोत, वाटतं डोकंच गेलं. त्यावर औषध आहे आणि ते लागू पडतं. दुसरं, थायरॉईड आणि बी-१२ करून घ्या, साठीच्या बायकांत या दोन्ही गोष्टी किती सापडतात हे मी रोज बघते. तुम्ही शाकाहारी असाल तर बी-१२ नक्कीच करा.

आता सुडोकू. वाईट नाही, पण सुडोकू सोडवून माणूस मुख्यतः सुडोकूत तरबेज होतो. तुमच्या वर्गात काय होतं बघा. चाळीस मुलं, चाळीस स्वभाव, गणित सांगताना मधूनच कोणीतरी विचारणार बाई मासा पाण्यात झोपतो का, त्याचं उत्तर तिथल्या तिथे चौथीच्या भाषेत शोधायचं, तेवढ्यात मागच्या बाकावर भांडण, फळ्याकडे पाठ असूनही आवाजावरून कोण ते ओळखायचं. शिवाय पोषण आहाराचा हिशोब, शाळाखात्याचे कागद. कुठल्याही ॲपमध्ये हे नाही, कारण ॲपला तुमची गरज नसते आणि त्या मुलांना होती. मला वाटतं रिटायरमेंटमध्ये जातं ते हेच, कोणीतरी आपली वाट बघतंय आणि उत्तर आत्ता द्यायचंय.

अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लोकांनी वयस्कर माणसांना सरकारी प्राथमिक शाळांत पाठवलं, आठवड्याला १५ तास, लहान मुलांना वाचायला शिकवायला. एक्सपीरियन्स कोअर म्हणतात त्याला. ज्यांना पाठवलं आणि ज्यांना नाही असे दोन गट पाडून दोन वर्षांनी मेंदूचे स्कॅन बघितले. या वयात मेंदू थोडा थोडा आक्रसत जातो, पण शाळेत जाणाऱ्यांत, विशेषतः पुरुषांत, तो आक्रसायच्या ऐवजी किंचित वाढलेला दिसला. अभ्यास लहान आहे, पण लहान मुलांना वाचायला शिकवणं हे काम तुम्ही ३४ वर्षं केलंय, बाल्टिमोरच्या त्या वयस्कर बिचाऱ्यांना आधी शिकवून तयार करावं लागलं होतं.

तेव्हा माझं ऐकाल तर जवळच्या शाळेत मुख्याध्यापकांना जाऊन भेटा. दुसरी-तिसरीतली वाचनात मागे पडलेली पाच-सहा मुलं मागा, आठवड्यातून तीन दिवस दोन तास. पैसे मिळोत न मिळोत, हजेरी मात्र लावायची, आज कंटाळा आला म्हणून दांडी नाही. त्या मुलांची नावं पहिल्याच आठवड्यात पाठ करायची. शाळेत जमलं नाही तर वाडीतल्या बचत गटाचा हिशोब घ्या, किंवा नमन मंडळाच्या पोरांना वगासाठी चांगलं लिहिणारं माणूस नेहमीच हवं असतं, त्यांना विचारा. काहीतरी असं, जिथे तुम्ही गेला नाहीत तर कोणाचं तरी अडेल.

गेलेलं परत येतं का? वेग परत येत नाही, तो खरं तर तिशीपासूनच उतरत असतो. पण शब्दसंपत्ती आणि अनुभव साठीतही वाढत असतो, आणि अनुभव वेगाची उणीव कशी भरून काढतो यावर मला एक फार आवडणारा प्रयोग आहे. १९८४ साली सॉल्टहाउस या मानसशास्त्रज्ञाने १९ ते ७२ वयाचे टायपिस्ट बसवले. दिवा लागला की बटण दाबा अशा साध्या चाचणीत म्हातारे सावकाश होते, पण टायपिंग करायला बसले की तरुणांच्या बरोबरीने. कसं काय, तर बोटं एक अक्षर मारत असताना त्यांचे डोळे कागदावर तरुणांपेक्षा बरेच पुढे गेलेले असायचे. सावकाश झालेल्या बोटांना त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं होतं काय येतंय ते.

माझ्याकडे राजापुरात एक आजोबा येतात, ७४ वय, आयुष्यभर नर्सरीत आंब्याची कोय कलमं बांधली. त्यांना हात थरथरतो म्हणून तपासत होते तेव्हा त्यांनी मला दाखवलं, तांबूस पानांचं पंधरा दिवसांचं कोवळं रोप, चार बोटांवर छाटायचं, मधोमध चीर द्यायची, आणि तेवढ्याच जाडीच्या काडीला पाचरीसारखा काप देऊन त्यात बसवून वर प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. पट्टी आता नातू गुंडाळतो. पण काडी निवडायची ती आजोबांनीच. ढिगातून एक उचलतात, दोन बोटांत फिरवतात, बाजूला टाकतात, दुसरी उचलतात. मी विचारलं ही का टाकली तर म्हणाले हिचा डोळा अजून झोपलाय. नातवाला ते अजून दिसत नाही. तुमचंही तसंच काहीतरी आहे, कुठलं मूल कुठे अडलंय हे तुम्हाला वर्गात शिरल्या शिरल्या दिसत असेल.

प्रश्न : आई ६६ वर्षांची, हर्णै बंदरावर मासे विकते, लग्न झाल्यापासून. गुडघे गेलेत, पाठ वाकलीय, तरी लिलावाला जाते, पाटी डोक्यावर घेऊन गल्लोगल्ली फिरते. मी म्हणते आता बस कर. पण एक बघितलंय, जून-जुलै मासेमारी बंद असते तेव्हा ती अगदी गप्प होते, एकच गोष्ट दोनदा विचारते, आणि नारळी पौर्णिमेनंतर परत पहिल्यासारखी. एवढं कष्टाचं कामही डोक्याला चांगलं असतं का?

उत्तर : ताई, किती बारीक बघितलंय तुम्ही, डॉक्टरला पेशंटकडून याहून चांगली माहिती मिळत नाही.

पाटी डोक्याला चांगली नाही. चांगला आहे तो लिलाव. हे दोन्ही तिच्या कामात एकत्र बांधलेलं आहे म्हणून आपल्याला एकच वाटतं, ते सोडवायचं आहे. मॅझोना आणि पेराक्की यांनी युरोपातल्या माहितीवर २०१७ मध्ये दाखवलं की निवृत्तीनंतर बहुतेकांची तब्येत आणि डोकं दोन्ही घसरतं, पण ज्यांचं काम अंगमेहनतीचं होतं त्यांना सुटल्यावर उलट लगेच बरं वाटतं. म्हणजे ओझं उतरायलाच हवं.

आणि लिलावात काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. बोली चढत असताना ढीग नुसता बघून यात पापलेट किती, किती मोठं, माझे वाटे किती पडतील, एका वाट्याचे किती आले तर मला सुटेल, आज गिऱ्हाईक कुठलं, उपास कुणाचा, हे सगळं ती श्वास घेण्याएवढ्या वेळात करते, कागद नाही, कॅलक्युलेटर नाही. तेव्हा पाटी थांबवा. लिलाव घेऊ दे, माल टेम्पोने किंवा रिक्षाने एका जागी जाऊ दे, आणि तिने तिथे स्टुलावर बसून वाटे लावून विकावे. खाली उकिडवं बसून नाही. गल्लीतली ठरलेली घरं फोनवर घ्या, तुम्ही पोचवा, पण फोन तिलाच करू दे.

जून-जुलैबद्दल. दोन महिन्यांत मेंदू गंजत नाही आणि ऑगस्टमध्ये नवा होत नाही, त्यामुळे घाबरू नका. पावसात माणसं भेटत नाहीत, झोपेचं वेळापत्रक मोडतं, मन उतरतं, आणि ती गप्प झाली की तुम्हीही कमी बोलता. एकटेपणा ही साधी गोष्ट नाही, २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने डिमेन्शियाची टाळता येण्यासारखी १४ कारणं सांगितली त्यात एकटेपणा आहे, न तपासलेले कान आहेत, डोळे आहेत, बीपी, डायबिटीस, धूम्रपान आहे. ही सगळी सांभाळली तर जगातला ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल असा त्यांचा हिशोब आहे. तुमची आई मिसरी लावत असेल तर तीही बंद करायला लावा, ती तंबाखूच.

बंदीच्या दिवसांत तिला सुकटीचा धंदा पूर्ण हातात द्या. मे महिन्यातच किती सोडे, किती बोंबील, किती जवळा भरून ठेवायचा हे तिनेच ठरवायचं, मुंबईकरांच्या ऑर्डर तिनेच लक्षात ठेवायच्या, दापोलीच्या बाजाराला आठवड्यातून एकदा तरी जाऊ दे, पाऊस असला तरी. एकच गोष्ट दोनदा विचारते म्हणालात, ती जूनमध्येच होते की आता थोडी थोडी एरवीही, हे या वर्षी कॅलेंडरवर खूण करून बघा. एरवीही दिसायला लागली तर वरच्या देवगडच्या भाऊंना सांगितल्यात त्या सगळ्या तपासण्या करा.

आणि कान आधी तपासून घ्या, बंदरावर बोटींच्या इंजिनांत ४० वर्षं काढली आहेत तिने. मला पुढचं पत्र ऑगस्टमध्ये टाका, नारळ सोडून झाल्यावर, कानांचं काय निघालं आणि पाटी उतरली का तेवढं कळवा.